मधेच बंद पडतो का?

आमच्या शेजारच्या शालूमावशींना दुसऱ्याच्या लॅपटॉपची बॅटरी खराब निघाली की आनंद व्हायचा.

एवढं वाचून बाई दुष्ट असावी असं वाटेल. तशी ती अजिबात नव्हती आणि नाही. मजल्यावर कुणाचं दूध नासलं तर आपल्या पातेल्यातलं अर्धं दूध घेऊन दारात उभी राहणारी बाई आहे. पण तुमच्या लॅपटॉपची बॅटरी ठणठणीत आहे असं कळलं की तिचा चेहरा पडायचा. "चांगली आहे हो," असं त्या म्हणायच्या, आणि ते अशा आवाजात, की माणसाने घाबरून विचारावं, मग आता पुढे काय करायचं?

चारकोपला आम्ही राहायला आलो त्या दिवशीच मला याचा अनुभव आला. टेम्पोतून सामान उतरत होतं, खोक्यांच्या ढिगावर माझा ऑफिसचा लॅपटॉप ठेवला होता. शेजारच्या दारातून एक बुटक्या, गोऱ्या, मोठं कुंकू लावलेल्या बाई चहाचा थर्मास घेऊन आल्या. कुंकवावरून मला वाटलं यांचे यजमान घरात असतील. नंतर कळलं, परबकाकांना जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते आणि मावशींनी कुंकू पुसायला साफ नकार दिला होता.

चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "तब्येत कशी आहे?"

मी म्हटलं, "ठीक आहे, सामान उचलून जरा पाठ धरलीय."

"तुझी नाही गं," त्या म्हणाल्या. "ह्याची."

आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन खोक्यावर बसल्या.

मावशींना कॉम्प्युटरमधलं बाकी काही येत नव्हतं, हे आधी सांगायला हवं. फोटो पाठवता येत नव्हता. चुकून एखादी कळ दाबली गेली आणि सगळी अक्षरं मोठी यायला लागली, की आठवडाभर तशीच यायची. पण एक गोष्ट त्यांना पाठ होती. त्या स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडायच्या, एका बोटाने, प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणत, एक ओळ टाइप करायच्या. त्या ओळीत मध्ये एक तिरकी रेघ येते, तिला त्या 'कललेली काठी' म्हणायच्या. मग एन्टर. की बॅटरीचा सगळा इतिहास पानभर समोर यायचा.

त्या पानावरचे त्यांना दोनच आकडे लागायचे. बॅटरी कंपनीतून निघाली तेव्हा तिच्यात किती वीज मावत होती, तो पहिला. आज पूर्ण भरल्यावर किती मावते, तो दुसरा. मावशी पहिल्याला 'माहेरचा' म्हणायच्या आणि दुसऱ्याला 'सासरचा'. "माहेराहून निघताना केवढी होती आणि आता केवढी राहिली, ते बघायचं. कोपऱ्यात टक्के दाखवतो त्याच्यावर जाऊ नको. ते पाहुण्यांसमोरचं हसणं असतं."

माझी बॅटरी माहेराहून आली तेवढीच होती. मावशींनी लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला. "चांगली आहे हो," म्हणाल्या, आणि थर्मास उचलून गेल्या. मी नवऱ्याला, नीलेशला, म्हटलं, शेजार जरा विचित्र दिसतोय.

हळूहळू कळलं की सोसायटीत कुणीच सुटलेलं नाही. सेक्रेटरी गावडे सर्वसाधारण सभेत भिंतीवर हिशेब दाखवायला नवा लॅपटॉप घेऊन आले, तर पार्किंगचा वाद ऐन रंगात असताना मावशी पहिल्या रांगेतून उठल्या आणि म्हणाल्या, "त्याचं नंतर बघू, आधी हा मधेच बंद पडतो का ते सांगा." गावड्यांनी छाती फुगवून सांगितलं, दिवसभर चालतो. मावशी खाली बसल्या आणि उरलेल्या सभेत काही बोलल्या नाहीत. पार्किंगचा ठराव त्यामुळे पास झाला, असं गावडे अजून सांगतात.

वरच्या मजल्यावर मुलगी बघायला एक मुलगा आला होता. बिचारा ऑफिसातून परस्पर आलेला, खांद्याला बॅग. पोहे येईपर्यंत मावशींनी त्याचा लॅपटॉप उघडलासुद्धा होता. तो म्हणाला, काकू, हा नका उघडू, चाळीसच्या आसपास आला की धाडकन बंद पडतो. मावशींनी त्याच्याकडे जावई असल्यासारखं पाहिलं. बाहेर येऊन मुलीच्या आईला म्हणाल्या, "मुलगा सरळ आहे, काही लपवत नाही." ते लग्न जमलं नाही, पण मावशींना तो मुलगा अजून आठवतो.

आणि गावड्यांच्या कोमलचा लॅपटॉप कॉलेजचं काम करताना एक्केचाळीसवर मेला, तेव्हा मावशींनी चक्क शिरा केला. कोमल डोळे पुसत होती, तिचं दिवसभराचं काम गेलं होतं. मावशी तिच्यासमोर वाटी धरून विचारत होत्या, "एक्केचाळीस ना? नक्की? आणि झाकण उघडंच होतं ना?"

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लॅपटॉप दुरुस्तीचा एक गाळा आहे. तिथला माणूस मावशी लांबून दिसल्या की गिऱ्हाइकांना सांगायचा, "बॅटरीवाली आंटी आ गई, अपना अपना परसेंट याद कर लो." दुरुस्तीला आलेल्या प्रत्येकाला त्या तेच विचारायच्या. मधेच बंद पडतो का? किती टक्के असताना? आणि झाकण उघडं होतं ना?

पहिले दोन प्रश्न लोकांना कळायचे. तिसऱ्यावर लोक हसायचे. झाकण लावल्यावर लॅपटॉप बंदच होणार, त्यात विचारायचं काय? मीही हसले होते. म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद लागतो. आमच्या सासऱ्यांना हवामानाचा आहे. मावशी एकट्या, मुलगा संजय मस्कतला, सून मढची, तीही तिकडेच. वेळ जायला काहीतरी हवं, असं मी धरून चालले होते.

मध्ये दोन वर्षं गेली. माझा लॅपटॉपही सासरी रुळला, म्हणजे वाळला. मावशी अधूनमधून त्याची तब्येत बघायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडी थोडी आशा दिसायला लागली होती.

त्या शुक्रवारी मी घरून काम करत होते. खाली मीटरच्या खोलीत काही काम काढलं होतं, दुपारभर वीज नव्हती. मावशींना पंख्याशिवाय घरात बसवेना म्हणून त्या गवार घेऊन आमच्याकडे, खिडकीच्या वाऱ्याला आल्या आणि माझ्यासमोर जमिनीवर बसून शेंगा मोडू लागल्या. मी विम्याच्या एका क्लेमची टिपणं लिहीत होते. बोलता बोलता त्यांनी विचारलं, किती आहे? मी कोपऱ्यात बघून सांगितलं, सदतीस. आणि माझं बोट अजून त्या आकड्याकडेच असताना स्क्रीन काळी झाली.

मी कपाळाला हात लावला. मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तू काय दाबलंस?"

"काही नाही, मावशी."

"नीट सांग. चुकून हात लागला असेल."

मी म्हटलं, दोन्ही हात तुमच्यासमोर आहेत. त्या उठल्या, माझ्याभोवती फिरून आल्या, लॅपटॉपचं झाकण दोन बोटांनी हलवून बघितलं. उघडं होतं, हे त्यांना दिसत होतं, तरी मला विचारलं. मी म्हटलं, हो, उघडंच आहे. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि मला वाटलं आता शिऱ्याचं निघणार. त्या रडत होत्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं.

संजय त्यांचा एकुलता एक मुलगा. मढला एका मित्राकडे जाऊन येऊन असायचा, तिथे त्याचं लिंडाशी जमलं. परबकाका रंगाच्या कारखान्यात फोरमन होते, शंभर माणसं त्यांच्या एका हाकेला उभी राहायची, आणि घरातला एक मुलगा ऐकत नाही याचाच त्यांना जास्त राग आला. ते म्हणाले, चर्चमध्ये लग्न लावलंस तर माझ्याशी बोलू नको. संजयने लग्न लावलं आणि बोलला नाही. मावशी बहिणीकडे जाते असं सांगून मार्व्याहून होडीने मढला गेल्या आणि चर्चच्या शेवटच्या बाकावर बसून मुलाचं लग्न बघून आल्या. काकांना ते कळलं होतं. त्यांनी तेही कधी विचारलं नाही. पुढे संजय आणि लिंडा मस्कतला गेले. फोन यायचा तो आईला, आणि तो वाजला की काका उठून गॅलरीत जायचे.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा हलायचा. घरी आणल्यावर संजयने आईला सांगितलं, सुट्टी मंजूर होतेय, मी येतो, पण त्याआधी एकदा व्हिडिओवर बाबांना बघू दे. मावशींनी काकांना विचारलं. काकांनी बराच वेळ छताकडे बघून मान हलवली, हो म्हणून.

संजयचा कॉलेजातला जुना लॅपटॉप घरात होता. बिजागरी ढिली झालेली, झाकण कधीकधी आपणहून खाली यायचं. मावशींनी काकांची दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, जेवणाच्या छोट्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्यांच्यासमोर लावला. बॅटरी त्रेचाळीस टक्के होती. चार्जरची वायर पलंगापर्यंत पोचत नव्हती, पण त्रेचाळीस म्हणजे पुष्कळ, असं त्यांना वाटलं. फोनवर संजय सांगेल तशा कळा दाबल्यावर तो दिसला. मावशी म्हणाल्या, तुम्ही दोघं बसा, मी कोथिंबीर घेऊन येते.

"कोथिंबीर घरात होती गं," त्या मला म्हणाल्या. "मी असले असते तर दोघंही माझ्याकडेच बघत बसले असते."

अर्धा तास त्या खाली गेटजवळच्या बाकावर बसून राहिल्या. वर आल्या तर स्क्रीन काळी. झाकण अर्धवट खाली आलेलं. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलेलं. मावशींनी विचारलं, बोललात झिलाशी? काका वळले नाहीत. बटण दाबलं तर लॅपटॉप चालू होईना. मोबाइलवर संजयचा दोन शब्दांचा निरोप होता, 'कट झाला'. दोन दिवसांनी दुसरा झटका आला. संजय पोचला तोवर सगळं आटोपलं होतं.

मावशींनी तो लॅपटॉप इस्टेटमधल्या गाळ्यात नेला. त्या माणसाने ती काळी खिडकी उघडून दाखवली, बॅटरी पार वाळली आहे, कधीही दगा देईल, म्हणाला. मावशींनी विचारलं, त्या दिवशी दिला का? तो म्हणाला, ते मला कसं कळणार?

"तिथपासून मी बघते," मावशी म्हणाल्या. "असं होतं का, की चाळीस दाखवतो आणि बंद पडतो. सगळे सांगतात, होतं. पण सांगतात. मी कधी बघितलं नव्हतं. मला वाटायचं, ह्यांनीच डाव्या हाताने झाकण पाडलं. शेवटपर्यंत राग सोडला नाही. आणि संजूलापण तेच वाटत असणार."

 मी पाणी आणलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि मोबाइल काढला. शुक्रवार होता, मस्कतला सुट्टी. मावशींना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी आत जायला उठले, त्यांनी माझा हात धरून बसवलं. साक्षीदार म्हणून असावं.

"संजू, आयक. आज माज्या डोळ्यांसमोर मेघनाचो लॅपटॉप बंद पडलो. सदतीसावर. कोणी हात लावूक नाय. तुझ्या बाबांनी झाकण लावूक नव्हता रे. बॅटरी गेली होती."

 मावशींनी फोन हलवून बघितला. मग संजय बोलला, अगदी हळू.

"आई, बॅटरी नव्हती गेली. मीच कट केला."

मग तो जे बोलला ते तुटक तुटक होतं. इतक्या वर्षांनी बाबा समोर आले, आणि ते बाबांसारखे दिसतच नव्हते. तोंड एका बाजूला ओढलेलं. ते काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होते. स, स, एवढंच यायचं आणि लाळ गळायची. आई तिथे नव्हती, पुसायला कुणी नव्हतं. त्याला ते बघवेना. त्याने लाल बटण दाबलं. तोंड धुऊन पुन्हा लावतो असं ठरवलं होतं. मग म्हणाला रात्री लावतो. मग म्हणाला उद्या. उद्या धीर झाला नाही, आणि परवा आईचाच फोन आला. नंतर आई बॅटरीचं काय काय सांगायला लागली, गावड्यांची, कोमलची, तेव्हा त्याला वाटलं, राहू दे, बॅटरीच राहू दे.

मी मावशींकडे बघायचं टाळत होते. एवढ्या धडपडीचं हे निघालं. आता त्या मुलाला काय बोलतील, आणि बोलल्या तर मी कुठे बघू, असं झालं होतं मला.

मावशी म्हणाल्या, "तुझा नाव घेत होते?"

"काय?"

"स म्हणत होते म्हणतंस. नीट आठव. संजूच ना?"

"हो. आणि हात वर केला होता. डावा."

मावशींनी फोन जवळ ओढला. मग विचारलं, "मारूक की बोलवूक?"

"बोलवायला, आई."

"मगे रडतंस कित्याक," मावशी म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना. पलीकडे एक दार वाजलं, लिंडाने त्याला काहीतरी विचारल्याचा आवाज आला, आणि मग बऱ्याच वेळाने त्याने ठेवला. त्या दिवशी तो लॅपटॉप काळा कसा झाला, ते मी मनातल्या मनात जुळवून बघितलं. तिकडे मस्कतला हा उठून गेल्यावर इकडे बॅटरी आपल्या मरणाने मेली असणार आणि ढिलं झाकण आपणहून खाली आलं असणार. काकांनी काहीच केलं नव्हतं. ते नुसते बघत राहिले असतील. पण हे मी मावशींना सांगितलं नाही. त्यांना आता बॅटरीत रस नव्हता.

"दोन वर्षं रोज दिवा लावताना भांडले त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "झाकण का लावलंत म्हणून. एकदा तर हार घातला नाही." मग खाली बसून त्यांनी उरलेली गवार मोडली. मी त्यांच्याबरोबर मोडू लागले.

त्यानंतर त्यांनी कुणाच्या लॅपटॉपला हात लावला नाही. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. गावडे एकदा स्वतःहून आले, आताशा जरा लवकर उतरते, बघता का म्हणाले. मावशींनी त्यांना गाळ्याचा पत्ता दिला.

काकांच्या त्या वर्षीच्या श्राद्धाला संजय आला. एकटाच, चार दिवसांसाठी. फोनवरच्या आवाजावरून मी कुणी कोवळा मुलगा धरून चालले होते. प्रत्यक्षात चाळिशीकडे झुकलेला, विरळ केसांचा, वडिलांसारखा रुंद खांद्यांचा माणूस निघाला. दारात मला भेटला तेव्हा माझ्याकडे बघेना. मी सगळं ऐकलंय हे त्याला माहीत होतं. खजुराचा डबा माझ्या हातात देऊन आत गेला.

श्राद्धाचं आटोपलं, पानं उठली, लोक गेले. दुपारी आमची बेल वाजली. मावशी उभ्या होत्या, चांगल्या साडीत.

"बसू का थोडा वेळ?" त्या म्हणाल्या. "संजू आत फोटोसमोर बसलाय. मी असले की बोलत नाही."

नीलेशने त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली. मी चहा टाकला. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत आहे आणि ती पातळ आहे. आधी नुसती कुजबुज यायला लागली. शब्द कळत नव्हते. मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, कुणी सवाल करतंय आणि हा जवाब देतोय अशी. मग एक मोठा माणूस रडायला लागला. तो आवाज लपण्यासारखा नव्हता. नीलेश माझ्याकडे बघायला लागला आणि मी कपबशीकडे.

मावशींनी पदर सारखा केला.

"नीलेश, टीव्ही लाव रे," त्या म्हणाल्या.

त्याने लावला, दुपारची वेळ म्हणून अगदी बारीक आवाजात. कसलीशी जाहिरात चालली होती.

"मोठा लाव."

त्याने वाढवला. भिंतीपलीकडचं अजून ऐकू येत होतं.

"अजून," मावशी म्हणाल्या. "आणि राहू दे असाच. त्याचं होईपर्यंत."